चार आण्यांचा धनी

मृत्युपत्राचा विषय मी बायकोपुढे आनंदाची बातमी म्हणून काढणार होतो. "घर तुझ्या नावावर करतो" हे वाक्य मी आठवडाभर मनात घोळवले आणि गेल्या शनिवारी रात्री हुमणाचा पहिला घास गिळून ते उच्चारले. तिने बांगड्याचा काटा काढता काढता, मानही वर न करता विचारले, "त्यातले अर्धे माझेच आहे ना?"

निकाल लावण्यासाठी सोमवारी आम्ही गोव्यातल्या फोंड्याला वकिलांकडे गेलो. वकील कोर्टात होते. व्हरांड्यातल्या बाकावर मात्र सत्तरीपुढचे एक गृहस्थ सुतळीने बांधलेली कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या आजोबांच्या कुळागराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची, इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटणी) कित्येक वर्षे चालू होती आणि तीत त्यांच्या वाट्याला एका फणसाचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा येत होता. फणस मात्र मधल्या एका पावसाळ्यात आडवा झाला होता. एवढे सांगून ते माझ्याकडे वळले.

"मृत्युपत्र? वय किती?"

"अठ्ठावन्न."

"डॉक्टरांनी काही सांगितले आहे?"

"नाही."

"साखर?"

मी गप्प राहिलो. बायकोने उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा असे दोन्ही आकडे सांगितले. गृहस्थांनी रोग पडलेल्या माडाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

"लग्नाआधी मालमत्तेचा वेगळा करार केला होता?"

आमच्या लग्नाआधी मी फक्त बँडवाल्याशी करार केला होता. तसे सांगताच त्यांनी खिशातून चार सुपाऱ्या काढून बाकावर ओळीने मांडल्या. "हे तुमचे घर. या दोन बाईच्या. घर तुमच्या बापाचे असले तरी, लग्न लागले की अर्धे तिचे. उरलेल्या दोनांतली ही एक मुलांची, ती तुम्ही मेलात तरी तुम्हाला हलवता येणार नाही. आणि ही तुमची. कुणाला द्यायची त्याला द्या." असे म्हणून त्यांनी अडकित्ता काढला, माझी सुपारी कातरली आणि तोंडात टाकली.

बायको इतकी हसली की आतून टायपिस्ट बाहेर येऊन पाहून गेला.

मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पोर्तुगीज 1961 साली गेले. त्यांचा 1867 चा नागरी कायदा मात्र घरजावयासारखा राहिला, आणि मृत्युपत्रे व वाटण्या यांसाठी गोव्याने 2012 साली स्वतःचा कायदा केला तेव्हाही ही अर्ध्याची व्यवस्था तशीच राखली. बायकोच्या सहीशिवाय मला घर विकता येत नाही, हे योग्यच आहे, असे मी चार लोकांत म्हणतोही. पण मे महिन्यात कौले चाळणाऱ्याची मजुरी, घरपट्टी आणि विहिरीच्या पंपाची दुरुस्ती ही सोळा आणे माझ्याच खिशातून जाते, तेव्हा हा अर्धा वाटा कुठे दडून बसतो ते कुणी सांगत नाही.

"मग हिच्या पाटल्याही अर्ध्या माझ्या," मी म्हणालो.

"कायद्याने म्हणाल तर हिशेबात येतील," गृहस्थ सुपारी चघळत म्हणाले, "पण मागून बघा."

मी मागितल्या नाहीत.

परतताना बसमध्ये मी शेवटचा प्रयत्न केला: निदान एकच मृत्युपत्र करू, दोघांचे मिळून. तेही जमत नाही. दोघांना एकाच कागदावर मृत्युपत्र करता येत नाही, ज्याचे त्याने वेगळे करायचे. हे तिला आधीच ठाऊक होते. मी व्हरांड्यात चपला शोधत असताना तिने टायपिस्टकडून स्वतःसाठी गुरुवारची वेळ घेतली होती. काल ती एकटीच जाऊन आली. तिचे चार आणे कुणाच्या नावावर गेले, असे मी रात्री दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने माझ्या साखरेची गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.