मामा, तो रणगाडा नाही

परवा सकाळी मामांचा मेसेज आला. मामा सांगलीचे, पोलिसात हवालदार होऊन निवृत्त झालेले. फोटोत वाळूच्या रंगाची अवाढव्य गाडी, खाली मजकूर: 'अमेरिकेने पोलिसांना रणगाडे दिले, म्हणून तिथली जनता निवांत झोपते. संशोधनाने सिद्ध! निरपराध माणसाला घाबरायचं कारणच नाही.' त्याखाली मामांची स्वतःची ओळ: 'आपल्याकडं कधी?' हाच मजकूर त्याआधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता. तेव्हा गप्प बसलो. मामांपर्यंत पोचला म्हटल्यावर राहवेना.

आधी तो फोटो. तो रणगाडा नाही. सुरुंगाच्या स्फोटात आतली माणसं वाचावीत म्हणून इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांसाठी बनवलेली चिलखती गाडी आहे. लष्कराला नको झालेल्या अशा गाड्या, रायफली वगैरे अमेरिकेत एका सरकारी योजनेतून पोलिसांना दिल्या जातात. १९९७ पासून वाटलेल्या सामानाची मूळ किंमत सात अब्ज डॉलरच्या वर जाते. 'फुकट मिळतं' असंही मजकुरात आहे. वाहतूक आणि देखभाल घेणाऱ्याच्या गळ्यात, हे मात्र नाही. आणि वाटप किती डोळसपणे चालतं? २०१७ मध्ये तिथल्याच सरकारी लेखातपासणी खात्याने अस्तित्वातच नसलेल्या एका पोलीस यंत्रणेच्या नावाने अर्ज केला, तर दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचं सामान मिळालं!

आता 'निवांत झोपते'. अमेरिकेत दर लाख लोकांमागे होणारे खून भारताच्या दुपटीहून जास्त आहेत, आणि २०२१-२२ मध्ये तिथे निम्म्याच्या आसपास खुनांचाच छडा लागला. पुढे लिहायची गरज आहे?

पण मला खरी चीड आली ती 'निरपराध माणसाला घाबरायचं कारणच नाही' या वाक्याची. मेरीलँड राज्यात बर्विन हाइट्स नावाचं छोटं गाव आहे. २००८ च्या जुलैत तिथले महापौर कॅल्व्हो यांच्या घरी गांजाचं पार्सल आलं. तस्करांची युक्ती अशी, की भलत्याच माणसाच्या पत्त्यावर माल पाठवायचा आणि मध्येच उचलायचा. पोलिसांनी पार्सलचा माग काढला आणि साधी चौकशी न करता स्वॉट पथक, म्हणजे लष्करी थाटाची सशस्त्र तुकडी, दार फोडून घरात घुसवली. दोन लॅब्रडॉर कुत्री गोळ्या घालून मारली. महापौर अंतर्वस्त्रावर, हात बांधलेले. स्वयंपाकघरात असलेल्या सासूबाईंचेही हात बांधले. हा माणूस गावचा महापौर आहे, याचा छापा घालणाऱ्यांना पत्ता नव्हता. आपल्याकडे बीटवरच्या नवख्या शिपायानेसुद्धा कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारून घेतलं असतं. कुटुंब अर्थातच निर्दोष निघालं.

कॅल्व्हो गप्प बसले नाहीत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे मेरीलँडमध्ये कायदा झाला (तो २०१४ पर्यंतच टिकला): स्वॉट पथक कधी, कुठे, कशासाठी पाठवलं, याची नोंद प्रत्येक पोलीस खात्याने द्यायची. याच नोंदी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जोनाथन मम्मोलो यांनी तपासल्या आणि देशभरातल्या हजारो पोलीस खात्यांची आकडेवारी त्यांच्या जोडीला घेतली. निबंध २०१८ चा. ओलीसनाट्य, दहशतवादी? छे. दहापैकी नऊ वेळा पथक गेलं ते झडतीचं वॉरंट बजावायला. गुन्ह्यांचं प्रमाण हिशेबात धरूनही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जास्त. अशा पथकांमुळे ना हिंसक गुन्हे घटल्याचं दिसलं, ना पोलिसांचे जीव जास्त वाचल्याचं. उलट अशा थाटातल्या पोलिसांचे फोटो पाहून लोकांचाच पोलिसांना पैसा द्यायला असलेला पाठिंबा कमी झाला.

'संशोधनाने सिद्ध' हे अगदीच हवेतलं नाही, ते मान्य करतो. लष्करी सामानामुळे गुन्हे घटतात असं सांगणारे निबंध २०१७ मध्ये आले होते. पुढे इतर अभ्यासकांनी जास्त नेमक्या नोंदी घेऊन तपासलं, तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. हे पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही.

'शाळेवर हल्ला झाला तर हीच फौज मुलांना वाचवेल' असंही त्यात आहे. टेक्सासमधलं युवाल्डी, २४ मे २०२२. गावाचं स्वतःचं स्वॉट पथक होतं. शाळेपाशी वेगवेगळ्या खात्यांचे ३७६ सशस्त्र लोक जमले. हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या.

राहिला २६/११ चा दाखला, तोही अशा वेळी दिला जातो. हो, त्या रात्री आपल्या पोलिसांकडे जुन्या रायफली आणि कुचकामी जॅकेटं होती, हे लाजिरवाणं होतं. त्यानंतर महाराष्ट्र पोलिसांचं फोर्स वन हे कमांडो पथक उभं केलं ते योग्यच. पण ते तशाच रात्रीसाठी आहे. गल्लीतल्या झडतीसाठी ते पाठवायला लागलात, की बर्विन हाइट्स होणार.

हे सगळं मामांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वेळी जीपसुद्धा ढकलून चालू करायचो रे." आणि थोड्या वेळाने, "पण ही एवढी मोठी गाडी गावभागातल्या बोळात वळणार कुठं?"