गड आला पण चित्र गेलं

लहानपणीच्या कार्टूनचा विषय निघाला की माझ्या पिढीची माणसं फार हळवी होतात. एरवी घराचे हप्ते आणि कोलेस्टेरॉल याशिवाय न बोलणारे, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणारे लोक मोगलीचं नाव काढताच विरघळतात. मीही विरघळतो. अडचण एकच आहे. 'जंगल बुक'चे ५२ भाग आहेत आणि त्यातला एकही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. यात मी एकटा नाही. पुण्यात वाड्यात वाढलेल्या कुणालाही जरा खोदून विचारा, त्याच्याकडे तुकडेच निघतील. कुणाकडे सुरुवातीचं गाणं, कुणाकडे मधली मारामारी, कुणाकडे नुसताच आवाज. बाकीची गोष्ट आम्ही जिन्यात बसून आमची आम्ही रचलेली आहे.

याला पहिला जबाबदार सिंहगड. पुण्यात टीव्ही आला १९७३ साली, मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून शहरात सोडायला लागले तेव्हा. त्यामुळे नव्वदीतही कौलाकौलावर, गच्चीगच्चीवर अँटेना उभे आणि सगळ्यांची तोंडं गडाकडे. पुणेकरांचं एवढं एकमत त्याआधी आणि त्यानंतर कशावरच झालेलं नाही. पण जरा वारा सुटला, किंवा एखादा खात्यापित्या घरचा कावळा दांडीवर टेकला, की आमच्या अँटेनाचं तोंड पर्वतीकडे वळायचं. पर्वतीवरून कुणीच काही सोडत नसल्यामुळे पडद्यावर मुंग्या यायच्या.

मग मोहीम निघायची. दादा कौलांवर, ताई टीव्हीसमोर आणि मधल्या जिन्यात निरोप्या म्हणून मी.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आलं, आलं, आलं... गेलं!"

हे 'आलं' माझ्यामार्फत कौलांवर पोचेपर्यंत दादा दांडा आणखी वीतभर फिरवून बसलेला असायचा. "अरे, मगाशी होता तिथंच आण!" "मगाशी म्हणजे कुठं?" याला उत्तर नव्हतं. शेवटी कधी चित्र यायचं तर आवाज नाही, कधी आवाज खणखणीत आणि बघीरा या काळ्या बिबट्याच्या जागी नुसतं करडं वादळ. "गड आला पण चित्र गेलं," म्हणून बाबा पुन्हा पेपरात तोंड खुपसायचे. निरोप्याने जिन्यातून काय बघायचं, याचा विचार मात्र घरात कुणीही केला नव्हता.

दुसरी जबाबदार आई. 'जंगल बुक' लागायचं रविवारी सकाळी, आणि रविवार हा डोक्यावर तेल थापून शिकेकाईने न्हायचा वार. बंबातलं पाणी एकेकाला मोजून मिळायचं आणि धाकट्याचा नंबर शेवटी. न्हाल्याशिवाय टीव्हीसमोर बसायचं नाही, हा कायदा. त्यामुळे गुलजारांनी लिहिलेलं, विशाल भारद्वाज यांनी चाल दिलेलं ते शीर्षकगीत मला तोंडपाठ आहे, पण ते ऐकलं की मला जंगल आठवत नाही. न्हाणीघराचं धुराने काळं पडलेलं छत आणि डोळ्यांत गेलेली शिकेकाई आठवते. त्या गाण्यात चड्डी घातलेलं फूल आहे. आमच्या घरात पाहुण्यांसमोर 'चड्डी' हा शब्द मोठ्याने उच्चारायची मुभा मिळाली ती तेवढ्या गाण्यापुरती.

आमचा टीव्ही काळा-पांढरा. मोगलीची चड्डी कुठल्या रंगाची, हे पाहायचं तर तळमजल्यावरच्या काकांकडे जावं लागे. वाड्यातला एकमेव रंगीत टीव्ही त्यांचा. त्याला सरकतं लाकडी दार, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली काकांच्या जानव्याला. दाराच्या आत काकूंनी दोन पोपट भरलेलं झाकण. ते काढून, घडी घालून, पोपटांच्या चोची मुडपणार नाहीत अशा बेताने बाजूला ठेवलं जायचं. मग स्टॅबिलायझर. त्याचा काटा स्थिर होईपर्यंत काका कुणाला बोलू देत नसत. आणि एवढं झाल्यावर बटणावर बोट ठेवून ते आमच्याकडे वळायचे.

"हं. एकोणतिसाचा."

काकांच्या मते जगात फुकट काही मिळत नसतं, आणि आमच्याकडे द्यायला पाढ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. एकोणतीस सत्ते दोनशे तीन म्हणेपर्यंत वरच्या मजल्यावरून गाणं संपल्याचं ऐकू यायचं. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद होईस्तोवर मोगली एका संकटातून सुटून दुसऱ्यात सापडलेला असायचा. मग कुठे चित्र. तेही पुरतं लाभत नसे, कारण ऐन रंगात आल्यावर काका उठायचे आणि तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा टीव्हीच्या माथ्यावर हात ठेवायचे.

"तापलाय."

खट्. पोपट पुन्हा जागेवर, कुलूप बंद, किल्ली जानव्याला.

काकांना कार्टून आवडत नसे असं मात्र नाही. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. वाघ बोलायला लागला की काका मांडीवर थाप मारून म्हणायचे, "मुरुडचा आहे हा!" त्या आवाजामुळे आमची जरा पंचाईत झाली होती. हा वाघ मोगलीला नुसता खाणार नाही, आधी समोर उभा करून चांगला फैलावर घेईल, अशी आमची खात्री होती. ते खाल्लं जाण्यापेक्षा भयंकर वाटायचं.

मोगली कुणाचा, हा पुढे आमच्या वर्गात वादाचा विषय झाला. मालिका जपान्यांनी काढलेली, १९८९ सालची. मूळ गोष्टी लिहिणारे किपलिंगसाहेब जन्मले मुंबईत, १८६५ साली. आणि गोष्टीतलं जंगल सिवनीच्या टेकड्यांतलं, म्हणजे आजच्या पेंचच्या बाजूचं, नागपूरच्या उत्तरेला. वर्गात एक मुलगा नागपूरहून आलेला होता. तो मधल्या सुट्टीत डब्यातल्या चिवड्यावर हात ठेवून ऐटीत सांगायचा, "आमच्याकडचा आहे तो." आम्ही पुणेकर असल्यामुळे कौतुक करण्याचा प्रश्नच नव्हता. मोगलीकडे बूमरँग होतं, म्हणून आम्ही वहीच्या पुठ्ठ्याची बूमरँगं केली. ती परत येत नसत. त्यातलं एक काकांच्या खिडकीतून आत गेलं आणि पुढच्या रविवारी पाढा सदतिसाचा झाला.

मग १९९५ साली भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं आणि यथावकाश केबलवाल्याची वायर आमच्याही खिडकीच्या गजांतून आत आली. उठल्यापासून कार्टून! रविवारची वाट पाहणं नको, कावळ्याशी वैर नको, पाढे नकोत. आता अडचण वेगळीच होती. सगळं इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेतले, पाचवीपासून इंग्रजी शिकणारे. 'धिस इज अ कॅट' एवढं बोलून मांजराने थांबावं अशी आमची अपेक्षा असायची.

'फ्लिंटस्टोन्स'ने त्यातून वाट काढून दिली. त्यात पाठीमागून हशा यायचा. हशा झाला की आम्ही हसायचो, थांबला की थांबायचो. एकदा ताई हशा संपल्यानंतर हसली, तेव्हा आम्ही सगळे वळून तिच्याकडे आदराने बघायला लागलो. तिला काहीतरी खरोखरच कळलं असावं. "पोरांचं आहे, बघू देत," असं आई पाहुण्यांना सांगायची. अमेरिकेत १९६० साली ही मालिका आली ती रात्रीच्या वेळेला, मोठ्या माणसांसाठी, आणि तिचा प्रायोजक होता सिगारेटवाला! मालिकेतले फ्रेड आणि बार्नी जाहिरातीत स्वतः सिगारेटी ओढत. हे तेव्हा आईला कळलं असतं तर केबलची वायर खिडकीच्या गजांतून आली तशी परत गेली असती.

'टॉम अँड जेरी'ला भाषा लागत नसे, म्हणून ते घरात सर्वांना चालायचं. आजी तर पदर सावरून पुढेच बसायची आणि ती ठाम टॉमच्या बाजूची होती. यामागे इतिहास होता. तिचा लग्नातला शालू ट्रंकेत ठेवलेला असताना उंदराने कुरतडला होता, आणि त्या उंदराचा हिशेब अजून चुकता व्हायचा होता.

"धान्यात तोंड घालतोय मेला, आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवताय?"

आम्ही जेरीसाठी, ती टॉमसाठी. "अरे, मागं बघ, मागं! इस्त्री आहे!" ती टॉमला मराठीत सावध करायची. तो ऐकायचा नाही, इस्त्री व्हायची तिथे व्हायची, आणि आजी आमच्याकडे वळून म्हणायची, "घरच्या मांजराला वेळेवर दूध घाला, मग बघा." टॉम जिंकतो असे भाग अगदी थोडे आहेत. त्यातला एक लागला त्या दिवशी आजीने शिरा केला. प्रसंग काय म्हणून बाबांनी विचारलं, पण तिने सांगितलं नाही.

या कार्टूनच्या आधी एक पाटी यायची: फ्रेड क्विम्बी, निर्माता. इंग्रजी वाचनाचा आमचा सगळा सराव त्या नावावर झाला. पाटीवर क्विम्बी असला की माल अस्सल, हे आम्हाला कुणी न शिकवता कळलं होतं. कधी कधी मात्र वेगळीच टॉम-जेरीची जोडी लागायची, टणत्कार घुमणारे विचित्र आवाज आणि उगाच अंगावर येणारी चित्रं. ती बघताना घरात सुतकी कळा यायची. ती १३ कार्टून्स प्रागमध्ये बनली होती, जीन डाइच यांच्या हाताखाली, हे मी फार नंतर वाचलं. आणखी एक नंतर वाचलेलं. टॉम आणि जेरीला जन्म दिला हॅना आणि बार्बेरा या दोघांनी. टॉमची ती काळीज फाडणारी किंकाळीसुद्धा हॅना यांनी स्वतःच्या घशातून काढलेली. पण त्या जोडीला मिळालेली सातही ऑस्कर व्यासपीठावर जाऊन स्वीकारली क्विम्बीसाहेबांनी, जे स्वतः एक उंदीरसुद्धा काढू शकत नव्हते. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

रात्र झाली की मात्र घोळ व्हायचा. कार्टून नेटवर्कच्या जागी त्याच बटणावर टीएनटी नावाचं चॅनेल सुरू होई आणि त्यावर जुने इंग्रजी सिनेमे. आत्तापर्यंत जिथे पपाय पालक खात होता, तिथे कोट घातलेला एक गृहस्थ एका बाईच्या फार जवळ उभा. आमच्या घरात बाबा कार्टून संपताना कधीच खोलीत नसत. ते नेमके याच क्षणी आत यायचे. "हेच बघता काय दिवसभर?" असं ते विचारायचे, आणि रिमोट नसलेल्या टीव्हीपर्यंत पोचायला तीन पावलं लागायची. ती तीन पावलं फार लांब होती. पुढे दादाची दहावी आली आणि केबल कापली गेली. तिची पुन्हा जोडणी होईपर्यंत माझी दहावी आली.

आता माझ्या लेकीच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये हे सगळं आहे. ती डोरेमॉन आणि शिनचॅनवर पोसलेली, त्यामुळे शांत असते तेव्हा मराठी बोलते आणि चिडली की थेट हिंदीत जाते. "पापा, आप समझते क्यों नहीं!" माझं नाव घरात बाबा आहे, पण भांडणापुरता मी पापा होतो. परवा मी तिला मोठ्या हौसेने जवळ बसवून 'जंगल बुक' लावलं. तिने अंगठा लावून शीर्षकगीतच पुढे ढकललं. मी ते मागे आणलं. तिने पुन्हा ढकललं. तिसऱ्या वेळेला मी तिला सांगितलं की, हे ऐकायला मला डोळ्यांत शिकेकाई घ्यावी लागायची. शिकेकाई म्हणजे काय, असं विचारून तिने माझी आणखी पाच मिनिटं घेतली.

"आता काय होणार, बाबा?"

"माहीत नाही."

"तू तर म्हणालास तुझं सगळ्यात आवडतं आहे."

"आहेच. पण इथे काकांचा सेट तापायचा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनच्या पाठीला हात लावून पाहिला. फोन गारच होता. भाग पुढे सरकत राहिला, आणि मला जे दिसलं त्याने मी जरा हादरलोच. जिन्यात बसून आम्ही रचलेल्या भागात मोगलीने कड्यावरून उडी घेतली होती, वणव्यातून अस्वल ओढून काढलं होतं, शेरखानचा एक डोळा गेला होता. खऱ्या भागात ही मंडळी बराच वेळ नुसती बोलत होती. लेक जांभई देऊन उठली. मी तिला आमचा भाग तोंडी सांगितला, तेव्हा ती परत येऊन बसली आणि हा कुठल्या अॅपवर आहे म्हणून विचारायला लागली.

ही हकिगत मी शाळेच्या ग्रुपवर टाकली आणि भलतंच झालं. शेरखानचं शेवटी काय झालं, यावरून जुंपली. एकाच्या मते तो मेला. एकाच्या मते जंगल सोडून गेला, हे त्याच्या मावशीने पाहिलं होतं, तिच्याकडे इन्व्हर्टर होता. नागपूरच्या मित्राचं म्हणणं, वाघ आमच्याकडचा असल्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. रात्री अकराच्या सुमारास कुणीतरी शेवटच्या भागाची लिंक टाकली. ती अजून एकानेही उघडलेली नाही, उलट टाकणाऱ्यालाच सगळ्यांनी धारेवर धरलं. वाद चालू आहे. कालपासून त्यात 'स्वॅट कॅट्स'ही ओढले गेलेत. ती मालिका मध्येच बंद पडली आणि काही भाग अर्धेच राहिले, त्यामुळे तिथे कुणी लिंक टाकण्याची भीती नाही.