कारखान्यांसाठी धरण बांधताय? मग शेतीला थेंबही देऊ नका

कारखान्यांच्या धरणासाठी प्रादेशिक योजनेत फेरबदल करायची सरकारी सूचना परवा निघाली. ती वाचून धरण बांधणाऱ्यांना हा सल्ला. सगळ्यात आधी शपथ घ्या, की या धरणातून एका वाफ्यालाही पाणी जाणार नाही आणि विजेचा एक दिवाही पेटणार नाही. हसू नका, मेख इथेच आहे. कोणत्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, हे 2006 ची ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचना ठरवते. तिच्या अनुसूचीत नदीखोरे प्रकल्प मोजायची मापं दोनच: जलविद्युतचे मेगावॅट आणि लाभक्षेत्राचे, म्हणजे भिजणाऱ्या शेतीचे, हेक्टर. दशलक्ष लिटर हे माप तिथे नाहीच. म्हणजे पाणी फक्त कारखान्याला (किंवा नळाला) दिलं, की गाव बुडो नाहीतर खोरं, पर्यावरण मंजुरी नको आणि जनसुनावणीही नको.

जमीन हरित विभागात आहे? नगररचना अधिनियमाच्या कलम 20 खाली प्रादेशिक योजनेत 'फेरबदल' करून घ्या. शब्द किती सोज्वळ आहे बघा.

हरकतींचा महिना आवणीत, म्हणजे भातलावणीत, येईल असं पाहा.

नकाशा 1:50,000 चाच लावा. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. अख्खी ठाकूरवाडी पेनाच्या टोकाखाली झाकते. गट नंबर द्या, पण पूर्ण संचय पातळीची रेषा, म्हणजे धरण भरल्यावर पाणी कुठवर येईल ती बुडीत रेषा, चुकूनही आखू नका. परवाची सूचना अशीच होती: गट नंबरांची लांबलचक यादी आणि बुडीत रेषेचा पत्ता नाही. मग माणसाने हरकत घ्यायची तरी कशावर? भरावाला लागणारा माती-मुरूम शेजारच्या डोंगराला पोखरूनच येणार ना? ती खाण फेरबदलात का नाही? धरण अडल्यावर मे महिन्यात खाली नदीत किती पाणी सोडणार? खालच्या गावाची नळपाणी योजना ज्या डोहावर आहे, त्याचं काय? नगररचना म्हणते, पर्यावरणाकडे जा. पर्यावरण म्हणतं, अनुसूचीत बसत नाही. जलसंपदा म्हणते, आम्ही फक्त पाणी आरक्षित करतो. तीन टेबलं, तीन शिक्के, आणि खोऱ्याकडे बघायला कुणी नाही!

वनजमीन आडवी आली तर मात्र पंचाईत. तिथे वनमंजुरी लागते, ग्रामसभेलाही विचारावं लागतं. उपाय आहे: आधी काम सुरू करा. मुरबाडच्या काळू धरणात सुमारे 1,000 हेक्टर वनजमीन होती, तरी यंत्रं मंजुरीआधीच लागली. 2012 साली उच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर खोदायचं ते खोदून झालं होतं.

आता उपरोध पुरे. कारखान्याला पाणी नको असं कुणी म्हणत नाही. पण बुडणाऱ्या जमिनीला, पाणी उसाला जातंय की बॉयलरला, याने काय फरक पडतो? पर्यावरण मंत्रालयवाल्यांनो, अनुसूचीत एक ओळ वाढवा: साठा किती दशलक्ष घनमीटर, बुडीत किती हेक्टर, मग वापर कोणताही असो. 2018 साली नदीखोऱ्यांच्या याच नोंदीला हात घातला होतात, तेव्हा 2,000 हेक्टरपर्यंतच्या सिंचनाला सूट देऊन मोकळे झालात. सूट द्यायला बरी सवड मिळते तुम्हाला! आणि ती ओळ होईपर्यंत, नगररचनावाल्यांनो, निदान फेरबदलाच्या सूचनेला बुडीत रेषेचा नकाशा जोडा, गावनकाशावर, गटागटाने. गावनकाशा तलाठ्याकडे असतोच.