‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं’ या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं तेच. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात वेळ घालवू नका, गाडीवाले तो एकत्रच करतात. ओला कचरा कुठेही पडला तरी कुजून मातीच होतो. घरात खत करायला घेतलं की वास आणि अळ्या. शिवाय फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे? प्लास्टिक तर कचरावेचक उचलून नेतातच. खरी घाण कारखाने करतात, तेव्हा सामान्य माणसाच्या मागे लागू नका. आणि शेवटी, ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला हे पटलेलं नाही. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, शेवटच्यातही थोडं तथ्य आहे, बाकीचे चुकीचे आहेत आणि ‘कुजतोच की’ हा मुद्दा तर घातक आहे. म्हणून एकेक घेऊन उत्तर देते.

‘वेगळा केला तरी गाडीत एकत्रच होतो.’

हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. दोन कप्प्यांच्या घंटागाडीतही दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे होताना अनेकांनी पाहिलं असेल. पण ते का घडतं तेही बघा. एका इमारतीतली दहा घरं वेगळा कचरा देतात आणि तीस घरं एकाच पिशवीत सगळं कोंबून देतात, तेव्हा गाडीवरच्या माणसापुढे दुसरा मार्ग उरत नाही. त्या तीस पिशव्या फोडून निवडत बसायला त्याला वेळही नसतो आणि ते त्याचं कामही नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक (बॅटऱ्या, ट्यूबलाइट, जुनी औषधं वगैरे) असा कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी घरावर टाकली आणि तो वेगळाच उचलून नेण्याची पालिकेवर. गाडी एकत्र करत असेल तर फोटो काढा, आरोग्य निरीक्षकांकडे तक्रार करा, नगरसेवकाला विचारा. आपण वेगळा दिलेला असेल तरच ही तक्रार करायला तोंड राहतं.

आणि उलट बाजू कुणी सांगत नाही. घरात एकदा मिसळलेला कचरा पुढे कुठेच नीट वेगळा होत नाही. चहाचा चोथा लागलेला पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही. आमटी सांडलेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही. मिश्र कचरा चाळून केलेल्या खतात काचेचे कण आणि प्लास्टिकच्या चिंध्या येतात, मग शेतकरी ते शेतात टाकायला तयार होत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वेगळं करायला ओट्यापाशी दोन सेकंद लागतात. तेच काम पुढे कोट्यवधींच्या यंत्रांनाही धड जमत नाही.

जिथे वेगळा कचरा खरोखर वेगळा राहिला तिथे काय झालं, त्याची उदाहरणं लांब नाहीत. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला घ्या. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घराघरांतून वर्गवारी केलेलाच कचरा घेण्याचा आग्रह धरला गेला. जिथे कचऱ्याचा डेपो होता त्याच जागेवर प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, ओल्या कचऱ्यातून बायोगॅस निघू लागला, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत वापरला गेला आणि ते केंद्र बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. वेंगुर्ला लहान आहे, मोठ्या शहरात हे चालणार नाही, असं कुणी म्हणेल. मग इंदूर बघा. तिथे रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्या वायूवर शहरातल्या बस धावू लागल्या. असल्या प्रकल्पात प्लास्टिक आणि काच गेली की यंत्रणा तुंबते. इंदूरकर आपल्या दारातच कचरा वेगळा करून देतात, म्हणून तो प्रकल्प उभा राहू शकला.

‘ओला कचरा कुठेही टाका, कुजून मातीच होतो.’

हे ऐकायला अगदी निरागस वाटतं. जंगलात पडलेलं पान कुजतं ते हवेत. तिथे बुरशी, जीवाणू, गांडुळं, वाळवी यांना प्राणवायू मिळतो आणि पानाची माती होते. पिशवीत गाठ मारून, ट्रकमध्ये दाबून, वीस-तीस मीटर उंच ढिगाखाली गाडलेल्या भाजीच्या देठाला हवा मिळत नाही. तिथे वेगळ्या जातीचे जीवाणू काम करतात आणि मिथेन तयार होतो. वातावरण तापवण्याची मिथेनची ताकद १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात. २० वर्षांचा हिशोब मांडला तर ती ८० पटींच्या आसपास जाते. म्हणजे तेच देठ, तीच साल. हवेत कुजली तर खत, ढिगाखाली कुजली तर मिथेन.

मिथेन पेटतो, हेही विसरू नये. मुंबईचा देवनारचा डेपो १९२७ पासून कचरा घेतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो असा पेटला की धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्दच्या लोकांनी छातीत घेतला. कचरा मात्र सगळ्या मुंबईचा होता.

दुसरं म्हणजे ढिगातून झिरपणारं काळं पाणी. ओल्या कचऱ्यातला ओलावा खाली उतरताना वाटेतल्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगांचे डबे, औषधं यांतली विषं सोबत घेतो आणि जमिनीत मुरतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये डेपोला आग लागली तेव्हाही ते रस्त्यावर उतरले, गाड्या थांबल्या आणि पुण्याच्या चौकाचौकांत कचरा साचला. तेव्हा शहरातले लोक नाकाला रुमाल लावून ‘गावकरी आडमुठेपणा करतायत’ म्हणत होते. मला त्याचा आजही संताप येतो. ‘कुठेही टाका’ मधलं ‘कुठेही’ म्हणजे कुणाचं तरी गाव असतं.

‘घरात खत केलं की वास आणि अळ्या.’

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बरीच माणसं मनापासून सुरुवात करतात आणि पंधरा दिवसांत टोपलं कचऱ्यात टाकून देतात.

खताच्या टोपल्याला सडका वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणी भरपूर असतं: कलिंगडाच्या साली, काकडीचा गर, डाळ-भाताचं खरकटं. त्यात कोरडं काही घातलंच नाही तर तो कुजायच्या ऐवजी आंबतो. म्हणून ओल्या कचऱ्याचा थर पडला की त्यावर तितकाच, पावसाळ्यात त्याहून जास्त, कोरडा थर घालायचा. वाळका पाचोळा सगळ्यांत उत्तम आणि फुकट. पाचोळा नसेल तर नारळाच्या काथ्याचा भुसा, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा चालतो. मूठभर घेऊन दाबलं तर पिळलेल्या फडक्यासारखं ओलसर लागलं पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. दोन-तीन दिवसांनी काठीने वर-खाली करायचं. टोपल्याला बाजूने आणि तळाला भोकं हवीत. सुरुवातीला जुनं खत किंवा चांगली माती मिळाली तर दोन मुठी घालायची, नाहीतर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडायचं.

एवढं केलं की वास येत नाही. आलाच तर टोपलं बंद न करता पाचोळा वाढवून ढवळायचं, दोन दिवसांत उतरतो.

आता अळ्या. आपल्याकडे खतात दिसणाऱ्या जाडसर, करड्या-तपकिरी अळ्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत फिरत नाही. तिच्या अळ्या खरकटं झपाट्याने संपवतात, म्हणून काही ठिकाणी त्या मुद्दाम पाळतात. दिसायला किळस वाटते हे मान्य. ती नको असेल तर शिजवलेलं अन्न, मासे-मटणाचे अवशेष आणि तेलकट पदार्थ निदान पहिले काही महिने टोपल्यात घालू नका, आणि वरचा थर कायम कोरडा ठेवा. चिलटंही त्यानेच आटोक्यात येतात. उंदीर-घुशी येतात त्या शिजलेल्या अन्नाच्या वासावर. आणि डासांना साचलेलं पाणी लागतं, ते टोपल्याखालच्या ताटलीत राहू द्यायचं नाही.

चौघांच्या घरातला कच्चा भाजीपाला, साली, चहाचा चोथा आणि निर्माल्य दोन टोपल्यांत आळीपाळीने सहज मावतं. एक भरेपर्यंत दुसरं मुरतं. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं खत हातात येतं.

‘फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि त्या खताचं करायचं काय?’

दोन टोपल्यांना बाल्कनीचा एक कोपरा पुरतो. खत कुंड्यांना घाला, सोसायटीच्या झाडांना घाला, शेजाऱ्यांना द्या. कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पाचोळ्यापासून माती करून गच्चीवर भाजी पिकवण्याचा विचार कित्येक दशकांपूर्वी घरोघरी नेला होता. त्यामुळे हे काही शहरी श्रीमंतांचं नवं खूळ नाही. एवढं करूनही कुणाला खत नको असेल तर नुसता ओला कचरा वेगळा द्या, तेही पुष्कळ आहे. ओल्यासाठी प्लास्टिकची पिशवी मात्र वापरू नका. डब्याला आतून वर्तमानपत्र लावलं की तो चिकटत नाही. गाठ मारलेली खरकट्याची पिशवी रस्त्यावरची गाय अख्खी गिळते.

‘प्लास्टिक कचरावेचक उचलून नेतातच.’

कोण नेतं आणि कशातून, ते आधी पाहू. मिसळलेल्या कचऱ्यात हात घालणारी बहुतांशी बाई असते, बहुतेक वेळा दलित समाजातली. त्या पिशवीत फुटलेली काच असते, वापरलेली दाढीची पाती असतात, इन्शुलिनच्या सुया असतात, डायपर असतात. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली ती ‘हे काम आहे, आणि ते करणारा कामगार आहे’ हे मान्य करून घ्यायला. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. तिचे तीन हजारांहून अधिक सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, आणि सुक्या मालाची विक्री ही त्यांची मोठी कमाई असते. आपण खरकटं लावून दिलेली दुधाची पिशवी म्हणजे त्यांच्या मजुरीतली कपात.

आणि ते सगळं प्लास्टिक नेतात हेही खरं नाही. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, शाम्पूचे डबे यांना भाव आहे. वेफर्स, बिस्किटं, गुटखा यांची चकचकीत पाकिटं अनेक पदार्थांचे थर चिकटवून केलेली असतात. ते थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला घेत नाही. ती पाकिटं शेवटी ढिगातच जातात किंवा जळतात. यावर उपाय मूळ खरेदीत आहे: सुटं, मोठ्या पॅकमध्ये, डबा घेऊन.

घरात करण्यासारख्या काही गोष्टी यातूनच निघतात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो लटकता राहू द्या. सुटा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. पिशवी विसळून वाळवा. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहा. सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक बरणीत साठवा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी हीच विनंती शहराला केली होती, कारण आत काय आहे ते बघायला त्यांना पुडी उघडावी लागत होती.

‘खरी घाण कारखाने करतात.’

कारखाने घाण करतात. नद्यांचा फेस आणि वीजकेंद्रांचा धूर माझ्या टोपलीने थांबणार नाही, आणि त्यासाठी लढणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायलाच हवं. पण देवनारला पेटलेला आणि फुरसुंगीत झिरपलेला ढीग प्रामुख्याने कारखान्यांचा नव्हता. उद्योगांच्या घातक कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे वेगळी केंद्रं आहेत. शहराच्या डेपोवर येतो तो घरांचा, हॉटेलांचा, मंडयांचा कचरा. भारतीय शहरांत त्यातला निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो निम्मा भाग घरात किंवा आवारात जिरला तर डेपोवर जाणाऱ्या गाड्याही त्याच प्रमाणात कमी होतात, शिवाय उरलेला कागद, पुठ्ठा, प्लास्टिक कोरडं राहून विकलं जातं.

कंपन्यांना जाब विचारायचा असेल तरी घर आड येत नाही. आपल्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांनी घ्यावी असा नियम प्लास्टिक कचऱ्यासाठी आहेच. कोणत्या कंपनीची पाकिटं आपल्या सुक्या डब्यात महिनाभरात किती साचतात, हे वेगळा कचरा ठेवणाऱ्या घरालाच दाखवता येतं.

आणि सोसायटीतल्या मंडळींसाठी: २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या आवाराच्या वसाहतींना ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायला सांगितलं होतं. गांडूळखत, पर्जन्यजल साठवण, सौरऊर्जा असे प्रकल्प चालवणाऱ्यांना पुण्यात मिळकतकरात सवलतही मिळत आली आहे. तुमच्या आवारात खतासाठी बांधलेला हौद आहे का, आणि तो चालू आहे की त्यात जुन्या खुर्च्या पडल्या आहेत, ते उद्या खाली उतरून बघा. बंद असेल तर सचिवांना लेखी पत्र द्या आणि तो विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्यायला लावा.