आयडलचा स्क्रू पिळणं म्हणजे रिपेरी नव्हे!

थंडी पडली की कोल्हापुरात जुन्या स्कूटरवाल्यांचे हाल सुरू. सकाळी सेल्फ मारून बॅटरी उतरते, किका मारून पाय भरून येतो, गाडी ढिम्म. गॅरेजला न्यावी तर एकच इलाज: आयडलचा स्क्रू (रेस न देता इंजिन किती वेगानं फिरावं ते ठरवणारा) पिळायचा आणि "झालं बघा, न्या!"

अरे, दुपारी तापलेल्या इंजिनावर ती चालू होणारच! थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त लागतं. ते देणारा चोक चालतोय का, हे कुणी बघतच नाही. कार्ब्युरेटरमधला पायलट जेट, म्हणजे आयडलवर इंजिनाला पेट्रोल देणारी छोटी नळी; तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. गाडी उभी राहिली की शिळ्या पेट्रोलचा चिकटा तिथंच बसतो. तो क्लीनरनं आणि हवेच्या प्रेशरनं काढायचा, तर हे तार घालतात! भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो, आणि वर आम्हालाच सांगतात, "जुनी झाली, विकून टाका."

ज्या गावात उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत आहे, तिथं एक जेट धड साफ होऊ नये? गाडी रात्रभर ठेवून घ्या, सकाळी गार असताना स्वतः चालू करून बघा आणि मगच पैसे मागा.