‘विकिपीडियावर झटपट लेखक व्हा’ या संदेशाचा प्रतिवाद

शिक्षकांच्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून मराठी विकिपीडियावर नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिलेला एक निनावी संदेश सध्या फिरतो आहे. त्यात पाच सूचना आहेत : विकिपीडिया मुक्त असल्याने मजकूर कुठूनही घ्यावा, फक्त थोडे शब्द फिरवावेत, लेख काढून टाकला तर दुसऱ्या नावाने खाते उघडून तो पुन्हा टाकावा, संदर्भाला कोणताही दुवा चालतो, यंत्राकडून भाषांतर करवून रोज नवे लेख करावेत, आणि प्रचालक (लेख काढणे, खाते बंद करणे असे जादा अधिकार असलेले सदस्य) हे तिथले मालकच असल्याने ते नवख्यांचे लेखन टिकू देत नाहीत. माझ्या पुतणीने हा संदेश प्रमाण मानून आपल्या तालुक्यातील एका किल्ल्यावर लेख केला आणि एका हयात लेखकाच्या पुस्तकातील परिच्छेद त्यात जवळजवळ जसेच्या तसे उतरवले. लेख अर्थातच काढला गेला आणि तिने लिहिणे सोडून दिले. ज्याने कोणी हा संदेश लिहिला आहे त्याने विकिपीडियाचे एकही धोरण उघडून वाचलेले नाही, आणि त्याचा भुर्दंड उत्साहाने आलेल्या मुलांना भरावा लागतो आहे.

यातील पहिली सूचना सर्वांत घातक आहे. विकिपीडियावर बदल प्रकाशित करण्याच्या कळीजवळच लिहिलेले असते की, आपण वापराच्या अटी मान्य करून आपला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला करत आहोत आणि ही परवानगी नंतर मागे घेता येणार नाही. म्हणजे तो मजकूर उद्या कोणीही श्रेय देऊन, अगदी व्यापारी कामासाठीसुद्धा, छापू शकतो. जे लेखन आपले नाही ते असे जगाला देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला? भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे त्याच्या लेखनावरील हक्क अबाधित राहतो, मग पुस्तकावर ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले असो वा नसो. चार शब्द फिरवल्याने त्यात काही बदलत नाही, कारण वाक्यांची घडण आणि मांडणीचा क्रम हेही त्या लेखकाचेच असतात. माहितीवर मात्र कोणाचा हक्क नसतो. किल्ला कोणी बांधला, तो कोणत्या साली कोणाच्या ताब्यात गेला, ही तथ्ये दोन-तीन ग्रंथांत वाचून, ते ग्रंथ बाजूला ठेवून, स्वतःच्या वाक्यांत लिहावीत आणि प्रत्येक विधानाला ग्रंथाचे नाव व पृष्ठक्रमांक द्यावा. याहून वेगळी युक्ती नाही.

उचललेल्या मजकुराचे आणखी एक नुकसान या संदेशकर्त्याच्या ध्यानीही आलेले नाही. अशी चोरी उशिरा उघडकीस आली, तर तो मजकूर ज्या ज्या आवृत्तीत आहे त्या सर्व आवृत्त्या लेखाच्या इतिहासातून झाकाव्या लागतात, आणि मधल्या काळात इतरांनी प्रामाणिकपणे केलेली भरही त्यांच्याबरोबर दिसेनाशी होते. ज्यांना जुना मजकूर खरोखर वापरायचा आहे, त्यांच्यासाठी सरळ मार्ग उपलब्ध आहेत. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर 1937 मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. ते लेखन श्रेय देऊन घेता येते, फक्त त्या काळची लोकसंख्या आजची म्हणून देऊ नये. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश आपण होऊन मुक्त परवान्याखाली दिला. हक्क ज्याच्याकडे आहे त्यानेच तो सोडायचा असतो, ही गोष्ट तिथे रीतसर झाली.

दुसऱ्या नावाने खाते उघडण्याचा सल्ला तर नवख्याला कायमचे बाहेर घालवण्याचा सल्ला आहे. एकाच व्यक्तीची छुपी खाती तांत्रिक तपासणीत उघडी पडतात, आणि मग पहिले खातेही बंद होते. 2015 मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणात अशी 381 खाती बंद करण्यात आली. ही खाती चालवणारे लोक व्यावसायिकांकडून त्यांच्यावरील लेखांसाठी पैसे उकळत होते. आपल्या विद्यार्थ्यांना त्या रांगेत उभे करण्याचे कारण काय? लेख का काढला हे प्रचालकाच्या चर्चा पानावर विचारता येते आणि दोष दुरुस्त करून तो पुन्हा लिहिता येतो.

संदर्भाला कोणताही दुवा चालत नाही, हे खरे तर सांगावेही लागू नये. गावावर लिहिणाऱ्याने 2011 च्या जनगणनेचे आकडे आणि जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे. गावाच्या यात्रेची जाहिरात संदर्भ ठरत नाही. यांत्रिक भाषांतराबाबत मात्र निम्मे सत्य आहे, कारण भाषांतराचे साधन विकिपीडियाने स्वतःच दिलेले आहे. परंतु त्यातून निघालेले प्रत्येक वाक्य मूळ लेखाशी ताडून मराठीत नव्याने बसवणे हे भाषांतरकाराचेच काम आहे, आणि ते केल्यास रोज नवा लेख होणे शक्य नाही.

राहिली प्रचालकांची गोष्ट. ते मालक नाहीत. विकिपीडियाच्या सदस्यांनीच नेमलेले ते स्वयंसेवक असतात, आणि त्यांनी लेखांत केलेले बदल एरवी ‘इतिहास’ या दुव्याखाली कोणालाही पाहता येतात. तरीही या तक्रारीत तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. मराठीत तपासणारे हात थोडे आहेत, आणि घाईत एखाद्याच्या लेखाला साचा (दोष दाखवणारी तयार सूचनापट्टी) डकवून, दोन ओळींचे स्पष्टीकरणही न देता पुढे जाणे घडते. नवागतांशी समजुतीने वागावे, असा विकिपीडियाचाच संकेत आहे. तो जुन्या सदस्यांनी पाळला पाहिजे, आणि जिथे पाळला जात नाही तिथे नवख्याने चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, नि:संकोच प्रश्न मांडला पाहिजे. नव्या सदस्याने पहिले लेखन धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करावे, आधीच्या लेखांतील चुकलेली साले आणि शुद्धलेखन सुधारावे, एखाद्या संदर्भहीन परिच्छेदाला चांगला ग्रंथ शोधून द्यावा. पुतणीच्या लेखातील किल्ल्याची तटबंदी, दरवाजे आणि पाण्याची टाकी तिने स्वतः पाहिली असतील, तरी त्यांच्या वर्णनालाही छापील आधार लागेल. तो गॅझेटियरमध्ये आणि तालुक्याच्या ग्रंथालयात शोधायला मी तिच्याबरोबर बसणार आहे.