"जितका कडक शॉकअप तितकी गाडी फास्ट" हे डोक्यातून काढा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. स्पोर्ट्स कार रोडवर पण चालवायची आणि ट्रॅकवर पण न्यायची असेल तर जितका कडक शॉकअप (म्हणजेच डॅम्पर, स्प्रिंगची उसळी शांत करणारा भाग) तितकी गाडी फास्ट, कडक शॉकअपने गाडी कॉर्नरला झुकत नाही, दोन नळ्यांचा ट्विनट्यूब फालतू फक्त एका नळीचा मोनोट्यूब घ्या, आणि भरपूर क्लिकवाला (नॉब फिरवून कडकपणा टप्प्याटप्प्याने बदलणारा) कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचं एकत्र किट) बसवला की रोडवर मऊ ट्रॅकवर कडक, विषय संपला. हे वाचून लोक खरंच पैसे घालतायत आणि कंपनीतून आली होती त्यापेक्षा वाईट चालणारी गाडी करून बसतायत, म्हणून एकेक बघू. उदाहरण म्हणून टोयोटा जीटी८६ धरा आणि ट्रॅक जर्मनीतला नॉर्डश्लाइफ, तिकडे राहणारी आपली मंडळी पण जातात तिथे.

पहिलं, कडक म्हणजे फास्ट. ग्रिप देतो टायर, आणि तो तेव्हाच देतो जेव्हा रस्त्याला सतत आणि शक्य तितक्या एकसारख्या दाबाने चिकटलेला असतो. नॉर्डश्लाइफ २०.८ किमीचा आहे आणि सपाट अजिबात नाही, त्यातल्या फुक्सरोर या भागात उतार संपून लगेच चढ येतो तिथे सस्पेन्शन पार खाली दाबलं जातं, कारुसेलला आतल्या बाजूला तिरकं झुकलेलं वळण आहे, फ्लान्झगार्टनला गाडी हलकी होऊन उडते. अशा जागी कॉम्प्रेशन (शॉकअप दाबला जाताना होणारा विरोध) जास्त कडक असलं की चाक खड्ड्याउंचवट्याचा आकार धरून जाण्याऐवजी अख्खी गाडी उचलतं आणि टायर हवेत. रीबाउंड (परत लांब होताना होणारा विरोध) जास्त असलं तर अजून घाण प्रकार होतो, एकामागून एक बंप आले की चाकाला खाली परत यायला वेळच मिळत नाही, गाडी दर बंपला थोडी थोडी खाली ओढली जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर (सस्पेन्शनच्या टोकाच्या रबरी अडथळ्यावर) जाऊन बसते, मग त्या चाकाला स्प्रिंग नावाचं काही उरतच नाही. लोक म्हणतात रेसकार कडक असतात ना, हो असतात, पण त्यांच्याकडे डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) आणि स्लिक (खाचा नसलेले) टायर असतात, फ्लोअर जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर धरून ठेवावा लागतो. तुमच्या जीटी८६ ला ते कारणच नाही.

झुकण्याचं म्हणाल तर डॅम्पर फोर्स फक्त हालचाल चालू असताना देतो. लांब कॉर्नरमध्ये गाडी एकदा झुकून स्थिर झाली की पिस्टनचा वेग शून्य, डॅम्परचा फोर्सही जवळपास शून्य. किती झुकणार ते स्प्रिंग आणि अँटीरोल बार (डावं उजवं चाक जोडणारा दांडा) ठरवतात, डॅम्पर ठरवतो किती पटकन झुकणार. म्हणून स्टीअरिंग फिरवल्या फिरवल्या गाडी टाइट वाटते आणि माणूस फसतो.

आता खरा मुद्दा, मॅचिंग. डॅम्पर स्प्रिंगला मॅच करून घ्यायचा असतो. गाडीच्या एका चाकावर २७० किलो आणि व्हीलवर मोजलेला स्प्रिंग रेट २५ न्यूटन प्रति मिमी धरला तर बॉडी साधारण १.५ हर्ट्झने हलते. रेट दुप्पट केला तर साधारण २.२ हर्ट्झ, पण तेवढाच डॅम्पिंग रेशो (उसळी किती लवकर शांत होते त्याचं प्रमाण) ठेवायला डॅम्पिंग दुप्पट नाही लागत, १.४ पट पुरतं कारण तिथे वर्गमूळ आहे. स्टॉक स्प्रिंगवर डबल कडक शॉकअप टाकणाऱ्यांनी हे एकदा कागदावर करून बघा. बिलस्टाइन कंपनीचा बी६ स्टॉक उंचीसाठी आणि बी८ लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला, अशी वेगवेगळी मॉडेलं याचसाठी आहेत. आणि लोअर करताना जपून, जीटी८६ ला पुढे मॅकफर्सन प्रकारचं सस्पेन्शन आहे, गाडी खाली गेली की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) त्याहून जास्त खाली जातं आणि झुकण्याची ओढ उलट वाढते.

मोनोट्यूब ट्विनट्यूबचं थोडक्यात. मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि गॅस वेगळा असल्यामुळे फेस होत नाही हे खरं. पण केडब्ल्यू व्हेरिएंट ३ ट्विनट्यूब आहे आणि ओहलिन्सची टीटीएक्स रेंज सुद्धा, त्यामुळे आतले व्हॉल्व्ह कसे आहेत ते विचारा, नळ्या मोजू नका.

क्लिक. एकच नॉब असलेल्या बऱ्याच किटमध्ये रीबाउंड आणि कॉम्प्रेशन एकत्रच बदलतात, बिलस्टाइन बी१६ असाच आहे. शिवाय नॉबचा परिणाम बहुतेक कमी पिस्टन स्पीडला जास्त असतो, खड्ड्याचा दणका ठरवतो आतला शिमचा स्टॅक (व्हॉल्व्हवरच्या पातळ चकत्यांची थप्पी), तो नॉबने बदलत नाही. म्हणजे वाईट व्हॉल्व्हिंगचा शॉकअप कितीही क्लिक फिरवून रोडवर चांगला होत नाही. विकणाऱ्याकडे डायनो ग्राफ (मशीनवर मोजलेल्या फोर्सचा आलेख) मागा, प्रत्येक क्लिकला फोर्स किती बदलतो आणि डावा उजवा सारखा आहे का ते त्यात दिसतं, ग्राफ देत नसेल तर मी तरी ते किट घेणार नाही. बसवल्यावर कंपनीच्या सेटिंगपासून सुरू करा, टायर प्रेशर तेच ठेवा, एका वेळी एकच गोष्ट दोन क्लिक बदला, त्याच रस्त्यावर.

आणि जर्मनीत असाल तर किटचं टाइलगुटाखटन (पार्टचा तपासणी अहवाल) किंवा एबीई (सरकारी मंजुरी) आहे का ते ऑर्डरच्या आधी बघा, टाइलगुटाखटन असेल तर बसवून टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. नॉर्डश्लाइफचे पब्लिक सेशन टोल रोडच्या नियमांनी चालतात, गाडी रोडलीगल लागते.